ग्रामपंचायतीची संगणक व्यवस्था : गरजेपुरती आणि सुटसुटीत

बुलढाणा तालुक्यातील धाड या गावाचा जिल्हा मराठीत दोन प्रकारे लिहिला जातो : ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’. वाचणाऱ्या माणसाची त्यामुळे अडचण होत नाही. संगणकाला मात्र ते दोन निराळे जिल्हे वाटतात. यासाठीच केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, गावाला व पंचायतीला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला आहे.

ई-पंचायत योजनेत पूर्वी आराखड्यासाठी ‘प्लॅनप्लस’, कामाच्या प्रगतीसाठी ‘ॲक्शनसॉफ्ट’ आणि हिशेबासाठी ‘प्रियासॉफ्ट’ अशा वेगवेगळ्या प्रणाली होत्या. २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायती राज दिनी, ‘ई-ग्रामस्वराज’चा प्रारंभ झाला आणि ही कामे एका छत्राखाली आली. ही युक्ती काही संगणकाने शिकविलेली नव्हे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. दोन्ही एका पानावर आले, म्हणून तर ‘सातबारा’ हा शब्द घरोघरी रुळला.

एकच माहिती दोन ठिकाणी बदलता येत असेल, तर दोहोंपैकी खरी कोणती हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. घरपट्टी एका नोंदीत जमा आणि दुसरीत थकीत दिसली, की दाखल्यासाठी हेलपाटे पडतात ते नागरिकाला. म्हणून नोंद एकाच जागी व्हावी. इतरत्र तिची केवळ प्रत असावी.

राखीव प्रतीला मात्र कोणी अनावश्यक समजू नये. प्रश्न इतकाच की, पहिली व्यवस्था बंद पडल्यावर दुसरी खरोखर उपयोगी पडेल काय? एकाच वीजजोडणीवरील दोन संगणक वीज गेली की एकदमच बंद पडतात. एकाच खांबावरून आलेल्या दोन इंटरनेट जोडण्यांची गत तीच. राखीव प्रत त्याच कपाटात ठेवली, तर आग दोन्ही नेते. उलट दुसऱ्या इमारतीत ठेवलेली आणि अधूनमधून उघडून तपासलेली एकच प्रत पुरेशी ठरते. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे!

खरेदीचा प्रस्ताव करताना यंत्राच्या किमतीचाच विचार होतो. प्रत्येक वाढीव यंत्राबरोबर देखभालीचा करार, परवलीचा शब्द आणि बिघाडाची आणखी एक जागा येते. मासिक सभेपुढे प्रस्ताव ठेवण्यापूर्वी संपूर्ण व्यवस्था एका कागदावर रेखाटावी. बदलून आलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्या कागदावरून काम सुरू करता येत नसेल, तर यादीतील काही वस्तू कमी करण्यास वाव आहे.