वरून घातलेलं पाणी

रत्नागिरी

चि. सोनूस,


काल फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून मी फार बोलले नाही. चार आठवडे दर रविवारी माशांच्या खाऱ्या टाकीतलं ४० लिटर पाणी बदलतेस, तरी नायट्रेट ८० च्या खाली यायला तयार नाही, आणि आता बाटलीतलं काहीतरी औषध आणायचं तुझ्या मनात आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत ते आणू नकोस.

बोलता बोलता तू एक गोष्ट सांगून गेलीस, ती रात्रभर माझ्या डोक्यात राहिली. मीठ कालवायला तू सोसायटीच्या बोअरचं पाणी घेतेस. ‘आम्ही तेच पितो, चांगलं आहे,’ म्हणालीस. असेलही चांगलं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. पण ज्या प्रवाळांच्या समुद्रातून तुझे क्लाउनफिश मूळचे आले, तिथल्या पाण्यात ते १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं. शेतातला युरिया, शोषखड्डे, सांडपाणी यांचं नायट्रेट जमिनीत झिरपतं आणि बोअरमधून वर येतं. पाणी दिसायला स्वच्छच, वासही नाही. तेव्हा आज पहिलं काम कर. ज्या किटने टाकीचं पाणी तपासतेस, त्याच किटने बोअरचं तपास.

धर, त्यात ४० निघालं. तुझी टाकी २०० लिटरची. ८० च्या पाण्यातलं ४० लिटर काढून शुद्ध पाणी घातलंस तर आकडा ६४ वर यायला हवा. घातलेल्या पाण्यातच ४० असेल तर तो ७२ ला अडकतो. शिवाय रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं आणि तेवढं तू बोअरचंच वरून घालतेस. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ आणि नायट्रेट टाकीतच राहतं. म्हणजे रोज ८० मिलिग्रॅम आत, २०० लिटरच्या टाकीत लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम, महिन्याला १२. माशांनी एक घासही न खाता! त्यात त्यांची घाण मिळवली की पुढच्या रविवारी पुन्हा ८०. तुझ्या मेहनतीत काही कमी नाही गं, पाणीच तुझ्या विरुद्ध काम करतंय.

उपाय सरळ आहे. आरओचं पाणी, आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनची नळी. टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेच पाणी टाकीसाठी वापर. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवर विसंबू नकोस. चवीसाठी त्यातल्या बऱ्याच यंत्रांत थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. उडालेल्या पाण्याच्या जागी हे शुद्ध पाणी बिनमिठाचं घालायचं. बदलायच्या पाण्याला मीठ घालून घनता १.०२५ वर आणायची आणि तापमान टाकीएवढं करायचं.

आता तपासणीबद्दल. तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. दुसरी बाटली तू दोनदा हलवलीस आणि थेंब टाकलेस. तुझ्या किटमधल्या त्या बाटलीत तळाशी भुकटी बसते. बाटली आधी टेबलावर आपट, मग घड्याळ लावून अर्धा मिनिट जोरात हलव, आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट. नाहीतर एका रविवारी आकडा खोटा कमी येतो आणि पुढच्या रविवारी उगाच वाढलेला वाटतो. आणखी एक. ४० चा लाल आणि ८० चा लाल नुसत्या डोळ्यांना वेगळा कळत नाही. एक भाग टाकीचं पाणी, चार भाग शुद्ध पाणी असं मिसळून तपास आणि आलेला आकडा पाचने गुण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना मी हेच शिकवत आले.

पाण्याचा बंदोबस्त झाला की मग घाणीकडे बघ. गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा थेट टाकीत सोडतेस ना? आधी वाटीत विरघळव, चहाच्या गाळणीतून गाळ, तो गढूळ रस बेसिनमध्ये ओत आणि मगच घाल. फिल्टरच्या स्पंजाने धरलेली घाण आपल्याला टाकीबाहेर गेली असं वाटतं, पण पाणी तर तिच्यातूनच फिरत असतं. ती तिथेच कुजते, तिचा अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धू. सिरॅमिकच्या कड्यांना मात्र नळाचं पाणी लावू नकोस. त्यांच्यावर जिवाणू वसलेत आणि नळाच्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच त्या हलकेच खंगाळायच्या.

येत्या रविवारी पंप बंद करून एका मोठ्या सिरिंजने दगडांच्या मागे पाणी मार. तपकिरी ढग उठेल, तो नळीने ओढून काढ. माझ्या टाकीत पहिल्यांदा तो ढग उठला तेव्हा समोरची काच दिसेनाशी झाली होती, आणि मी वर्षभर समजत होते की टाकी स्वच्छ आहे.

नायट्रेटचा वायू होऊन तो उडून जायला वेगळे जिवाणू लागतात. ऑक्सिजन जिथे पोचत नाही अशा सच्छिद्र दगडाच्या पोटात ते राहतात. त्यासाठी मालवणहून प्रवाळाचा दगड आणायचा बेत मात्र सोड. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला ते तोडू दिले नसते. सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे घे. त्यांच्यात जिवाणू वसायला काही महिने लागतात, लागू देत. टाकीखालच्या सम्पमध्ये जागा असेल तर कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेव, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता असावा तसं दिसतं. टाकीचा दिवा मालवला की त्याचा दिवा लाव. वाढलं की अर्धं काढून टाक. त्याने शोषलेलं नायट्रेट त्याच्याबरोबर बाहेर जातं.

राहिला टाकीत व्हिनेगर घालायचा प्रश्न. त्यातला कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात आणि वाढताना नायट्रेट वापरतात. ते जिवाणू मग स्किमरच्या, म्हणजे बुडबुड्यांनी घाण वर काढणाऱ्या यंत्राच्या, फेसातून बाहेर काढायचे असतात. हे खरं आहे. पण तुझ्याकडे अजून चांगला स्किमर नाही. मी एकदा घाई केली. आठवडाभर थेंबाथेंबाने वाढवायचं ते एका संध्याकाळी दुप्पट केलं. पहाटे पाचला उठले तर पाणी ताकासारखं पांढरं, आणि मासे पृष्ठभागाशी तोंडं काढून धापा टाकत होते. जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला होता. हवेचा पंप शोधून लावेपर्यंत पिवळा डॅमसेल गेला. चार वर्षं होता माझ्याकडे, हाताला येऊन टोचायचा. तेव्हा स्किमर येईपर्यंत व्हिनेगर नको, आणि नंतरही पहिल्या आठवड्यात १०० लिटरमागे दिवसाला १ मिलीच्या आत.

शून्याचा ध्यास धरू नकोस. तुझ्याकडे प्रवाळ नाहीत, नुसते मासे आहेत. १० ते २० वर आलं की मी समाधानी असेन. शुद्ध पाण्याने ४०-४० लिटर बदलत गेलीस तर ८० चे ६४, मग ५१, ४१, ३३ असे उतरतील, माशांची भर धरून थोडे जास्त. एका दिवसात सगळं पाणी बदलायचा मोह होईल. माशांना त्या पाण्याची सवय झालेली असते, त्यांना जिना एकेक पायरीने उतरू दे.

आईला सांग, द्राक्षं पोचली. आज रात्री बोअरच्या आणि टाकीच्या दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून उजेडात फोटो काढ आणि पाठव. मी जागी आहे.

तुझी,
मावशी