सोपविलेले मूल
शास्त्रपाठ : एस्तेर २:५-११

पोरक्या एस्तेरला मर्दखयाने मुलीसारखे वाढवले. ती राजवाड्यात गेल्यावरही तो दररोज तिची विचारपूस करी.

प्रतिपालन दत्तकाहून निराळे आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समिती मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविते. जन्मदात्या आईबापांना सहसा त्याला भेटता येते. ते सांभाळण्यास समर्थ झाले की मूल परत जाते. गुजरात शासनाच्या ‘पालक माता-पिता’ योजनेत अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातलगांना दरमहा ३,००० रुपये साहाय्य मिळते.

गोरव्यातील आपल्या घरांत जागा थोडी आहे, तरी एक ताट वाढविता येईल. मूल परत पाठविणे मात्र जड जाईल. मर्दखयालाही एस्तेरला राजवाड्यात जाऊ द्यावे लागले.

मननासाठी : जे मूल आपल्यापाशी राहणार नाही, त्याच्यावर आपण मनापासून प्रीती करू काय?