खाऊच्या पुड्याचे वेष्टन
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास)

पूर्वी वाण्याकडून चुरमुरे वा फुटाणे घ्यावयाचे तर ते रद्दी कागदाच्या पुडीत मिळत. माल कोणाचाही असो, पुडी एकसारखीच. कारण गिऱ्हाईक जिन्नस डोळ्यांनी पाही, दोन दाणे तोंडात टाकी व मग पैसे देई. बंद पुड्यातील पदार्थ दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. म्हणून ओळख पटविण्याचे काम वेष्टनाकडे जाते. हा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्यावा.

वेष्टनाचे पहिले काम मात्र रक्षणाचे होय. बटाट्याचे तळलेले काप ओलाव्याने सादळतात आणि प्राणवायूमुळे त्यांतील तेल खवट होते. १९२६ साली कॅलिफोर्नियात लॉरा स्कडर या बाईंनी असे काप मेणकागदाच्या पिशव्यांत भरून विकण्यास आरंभ केला. त्यांच्याकडील कामकरी स्त्रिया कागदाच्या कडा इस्त्रीने चिकटवीत. आज आतून चकाकणाऱ्या पिशवीत नत्रवायू भरतात. ‘निम्मी पिशवी हवाच!’ ही मुलांची तक्रार आपणांस ठाऊक आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु त्या वायूने काप ताजे राहतात व मोडतही नाहीत, हे सांगावे.

ओळखीकरिता पार्ले बिस्किटांचे उदाहरण घ्यावे. पिवळसर वेष्टन व त्यावरील लहान मुलीचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. इतर कारखानदारही तशाच रंगाच्या वेष्टनांत ग्लुकोज बिस्किटे विकू लागले, तेव्हा १९८० नंतरच्या दशकात ‘पार्ले ग्लुको’चे नाव ‘पार्ले-जी’ करण्यात आले.

मूल अक्षराआधी रंग वाचते, आणि फसवणूक तेथेच होते. एका शाळेत रिकामी वेष्टने आणावयास सांगितली असता एका मुलाने आणलेल्या वेष्टनाचा रंग व चित्र ओळखीचे निघाले. नावातील एक अक्षर तेवढे निराळे. त्याची आजी महिनाभर तोच पुडा आणीत होती. तिला वाचता येत नव्हते. मुलाला येत होते, पण वाचून पाहावे असे त्याच्या मनात आले नव्हते.

पाठाच्या वेळी प्रथम वेष्टनावरील नाव हाताने झाकून ते ओळखावयास सांगावे. नंतर नाव, वजन, तारीख व शाकाहाराची हिरवी खूण मोठ्याने वाचून घ्यावी. शेवटी एकाच किमतीच्या दोन पुड्यांवरील वजने फळ्यावर मांडून वजाबाकी करवून घ्यावी.