नवी जमीन, ऊसतोड आणि मजुरांची संघटना



बेणे, खत, पाणी यांविषयी आम्ही नेहमी लिहितो. या खेपेला ऊस तोडणाऱ्या हातांविषयी लिहीत आहोत. उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे आहे.

तेथे १८६० नंतर गोऱ्या वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावून, रान तोडून ऊस लावला. मळे उत्तरेकडे सरकत गेले. जमीन उदंड, पण माणूस मिळेना. अशा वेळी मजुरी वाढायची. ती वाढू नये म्हणून मळेवाल्यांनी पॅसिफिक बेटांवरून करारावर माणसे आणली. काहींना तर फसवून, पळवून आणले. १८६३ ते १९०४ या काळात असे सुमारे ६२ हजार करार झाले. मुदत तीन वर्षे, मजुरी वर्षाला सहा पौंड. काम मध्येच सोडले तर शिक्षा.

१९०१ च्या कायद्याने ही भरती १९०४ मध्ये थांबली आणि बहुतेक बेटवासीयांना परत धाडले गेले. दरम्यान मोठे मळे फुटून लहान शेतकरी मध्यवर्ती कारखान्यांना ऊस घालू लागले होते. तोडीला हंगामी गोरे मजूर आले. गाव लांब, मुक्काम बराकीत, जेवण मालकाचे. एकट्याने बोलून काय होणार? पण हेच लोक खाणींवर आणि रेल्वेच्या कामावरही जात. थिओडोर व मॅकॉरमॅक यांनी १९०७ साली खाणमजुरांत उभारलेली संघटना अशी उसात शिरली.

१९११ च्या हंगामात संप झाला. मागण्या दोन: कामाचे आठ तास आणि जेवणाखेरीज आठवड्याला किमान ३० शिलिंग. पक्व ऊस थांबत नाही, हे मजुरांना ठाऊक होते. मागण्या बहुतांशी मान्य झाल्या. पुढे १९१५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले आणि त्याच वर्षी ऊसदर ठरवण्याचा कायदा झाला. म्हणजे शेतकऱ्याचेही भले झाले.

एक डाग मात्र राहिला. सर्वांत जास्त सोसलेल्या बेटवासीयांना संघटनेने दूरच ठेवले.

आपल्या फडातली टोळीही घर सोडून येते, उचलीने बांधलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणून टोळी आली की पिण्याचे पाणी, कोपीला जागा आणि लेकरांची सोय सभासदाने स्वतः पाहावी. ऊस आपला, तशी ही जबाबदारीही आपलीच.