आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ग्रामीण निवासस्थान निवडताना

संसाराची चाळीस-पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या आई-वडिलांना शहराच्या गजबजाटापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस घेऊन जावे, अशी इच्छा अनेक मुला-मुलींच्या मनात असते. पूर्वी लग्नाचा वाढदिवस घरातील गोडधोडाने व देवदर्शनाने साजरा होई. आता घाटमाथ्यावरील विश्रामगृहे, कृषी पर्यटन केंद्रे, तलावाकाठची निवासस्थाने व मळ्यांतील घरगुती निवास असे कितीतरी पर्याय उपलब्ध झाले आहेत. पर्याय वाढले, तशी निवडीची जबाबदारीही वाढली. ही निवड कोणत्या निकषांवर करावी आणि त्यातील आर्थिक व्यवहार सुरक्षितपणे कसा पार पाडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवड कोणाच्या नजरेने?

निवासस्थानाची छायाचित्रे पाहताना तरुण मनाला ज्या गोष्टी भुरळ घालतात, त्याच वयस्करांना अनेकदा त्रासदायक ठरतात. डोंगरउतारावरील कुटी म्हणजे पन्नास-साठ पायऱ्यांची चढउतार. 'निसर्गाच्या कुशीत' याचा अर्थ मुख्य रस्त्यापासून आत खडबडीत वाट. 'संपूर्ण शांतता' म्हणजे जवळपास औषधांचे दुकान नाही व दूरध्वनीची खात्री नाही. जाहिरातीतील प्रत्येक आकर्षक शब्द आई-वडिलांच्या गुडघ्यांच्या, झोपेच्या व औषधांच्या वेळांच्या भाषेत वाचून पाहावा. हे एवढे एक सूत्र सांभाळले, तरी बहुतेक चुका टळतात.

त्यांना थेट विचारावे, तर "आम्हाला काहीही चालेल" हेच उत्तर बहुधा मिळते. मुलांना खर्च पडू नये, आपल्यामुळे कोणाची गैरसोय होऊ नये, ही त्यामागची भावना असते. त्यामुळे हे उत्तर अंतिम मानू नये. दोन निश्चित पर्याय त्यांच्यापुढे ठेवावेत व "यांपैकी कोणता?" असे विचारावे. आनंदाचा धक्का देण्यासाठी स्थळ गुप्त ठेवण्याची प्रथा अलीकडे रूढ होत आहे. परंतु औषधे, गरम कपडे, पादत्राणे यांची तयारी आई-वडिलांना स्वतः करावयाची असते. गुपित ठेवावयाचेच असेल तर ते भेटवस्तूपुरते ठेवावे.

अंतर आणि शेवटचा टप्पा

दोन दिवसांच्या सहलीसाठी एका बाजूचा प्रवास विश्रांतीसह चार तासांच्या आत असावा. सहा तास जाण्यास व सहा तास येण्यास लागले, तर जागेपणीचा बराचसा वेळ गाडीतच जातो. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे वारंवार स्वच्छतागृहात जावे लागते. म्हणून वाटेवर स्वच्छ सोय कोठे आहे, हे आधीच ठरवून ठेवणे हिताचे.

किलोमीटरपेक्षाही महत्त्वाचा असतो तो शेवटचा टप्पा. त्यासाठी दोन परिचित स्थळांची तुलना उद्बोधक ठरेल. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, तर पन्हाळा सुमारे ९७५ मीटरवर आहे. उंची पाहिली तर पन्हाळा अवघड वाटावा. वस्तुतः माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर, आणि निवासस्थान त्याहूनही पुढे असू शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे अमन लॉज ते माथेरान ही छोट्या रेल्वेची फेरी किंवा ई-रिक्षा यांवर भिस्त ठेवावी लागते. पावसाळ्यात नेरळपासून वर येणारी गाडी बंद असते, हेही ध्यानात घ्यावे. याउलट पन्हाळ्यावर मोटार थेट गडात जाते. अंबरखाना, तीन दरवाजा व सज्जा कोठी ही ठिकाणे थोडेच चालून पाहता येतात. कोल्हापूर शहर व तेथील रुग्णालये अवघ्या २० किलोमीटरवर असून श्रीमहालक्ष्मीचे दर्शनही साधते. माथेरानची निर्मळ हवा व तांबड्या मातीच्या वाटा ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांना अवश्य लाभाव्यात. पण गुडघेदुखी असेल तर पन्हाळ्याचा विचार आधी करावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनाही हाच निकष लागू पडतो. इंदूरहून मांडू सुमारे १०० किलोमीटर आहे. तेथील बहुतेक वास्तूंपर्यंत वाहन पोहोचते व जहाज महालाचा परिसर सपाट आहे, मात्र रूपमती मंडपाकरिता चढ चढावा लागतो. पावसाळ्यातील हिरवे मांडू विशेष रमणीय. हैदराबादकरांना विकाराबादजवळील अनंतगिरीच्या टेकड्या दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहेत आणि तेथे अनंत पद्मनाभस्वामींचे मंदिरही आहे. बडोदेकरांना २००४ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेला चांपानेर-पावागढ परिसर जवळ पडतो. बेंगळुरूहून कोडगूतील मडिकेरी मात्र सुमारे २६० किलोमीटर असल्याने तेथे किमान तीन दिवस हवेत. शिवाय कॉफीच्या मळ्यातील घरगुती निवास घेताना मळ्याच्या आतील रस्त्यावर आपली मोटार जाते की जीप करावी लागते, याची चौकशी करावी.

रेल्वेने जावयाचे असल्यास आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या शायिकेचा राखीव कोटा आहे. परंतु तो तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा लागू होतो. मुले व नातवंडे यांची नावे त्याच तिकिटावर घातल्यास हा लाभ हातचा जातो. म्हणून आई-वडिलांचे तिकीट स्वतंत्र काढावे.

खोली, स्नानगृह व भोजन

खोली तळमजल्यावर व भोजनगृहाजवळ मागावी. वयस्करांना खरा धोका असतो तो स्नानगृहात. फरशी घसरडी नाही ना, आधाराची दांडी आहे का, कमोड योग्य उंचीचा आहे का, रात्री मंद दिवा राहतो का, हे विचारावे आणि स्नानगृहाचे छायाचित्र मागवावे. दर्शनी भागाची छायाचित्रे सर्वच पाठवितात. स्नानगृहाचे छायाचित्र विनासंकोच पाठविणारा व्यवस्थापक पाहुण्यांची काळजी घेणारा असण्याची शक्यता अधिक. ग्रामीण भागात वीज खंडित झाल्यास रात्रभर जनित्र चालते का, हेही जाणून घ्यावे.

अनेक विश्रामगृहांत रात्रीचे भोजन साडेआठनंतर सुरू होते. ज्यांना इन्सुलिन किंवा जेवणाशी निगडित अन्य औषधे घ्यावी लागतात, त्यांच्यासाठी ही वेळ गैरसोयीची. साडेसात वाजता साधा वरणभात, भाकरी, पालेभाजी मिळेल का. पहाटे सहाला चहा मिळेल किंवा खोलीत पाणी तापविण्याची किटली आहे का. त्या दिवशी एकादशी वा संकष्टी असल्यास उपवासाचे पदार्थ होतील का, हे आधीच सांगून ठेवावे. कृषी पर्यटन केंद्रे व घरगुती निवास या बाबतीत पुष्कळदा सरस ठरतात, कारण तेथे घरचाच स्वयंपाक असतो. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यानुसार केंद्रांची नोंदणी होते. केंद्र नोंदणीकृत आहे का, हे अवश्य विचारावे.

शहरालगतची अनेक ग्रामीण निवासस्थाने आपली हिरवळ विवाहसमारंभासाठी भाड्याने देतात. शांततेसाठी गेलेल्या दांपत्यास मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक ऐकावा लागू नये, म्हणून "त्या तारखांना आपल्याकडे लग्न किंवा एखाद्या कंपनीचा मेळावा आहे काय?" हा प्रश्न टाळू नये.

खर्चाचा हिशेब

लग्नाच्या वाढदिवसाची तारीख मे महिन्यात किंवा ऐन सुटीत येत असल्यास सहल एक-दोन आठवडे पुढेमागे करण्यास संकोच नसावा. शनिवार-रविवारऐवजी रविवार ते मंगळवार असे गेल्यास भाडे बहुधा कमी पडते व गर्दीही ओसरलेली असते.

कराचा परिणामही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. त्याहून अधिक भाड्यास हा दर १८ टक्के आहे. याचा अर्थ ७,५०० रुपयांच्या खोलीस करासह ७,८७५ रुपये, तर ८,००० रुपयांच्या खोलीस ९,४४० रुपये द्यावे लागतात. भाड्यातील फरक ५०० रुपयांचा. प्रत्यक्ष भार १,५६५ रुपयांचा. दोन खोल्या व दोन रात्री धरल्यास ही रक्कम ६,२६० रुपये होते. तेवढ्यात परतीच्या प्रवासाकरिता चांगली मोटार ठरविता येईल. सांगितलेला दर करासहित की करावेगळा, न्याहारी धरून की वगळून, हे लेखी घ्यावे.

देयकात 'सेवा शुल्क' आपोआप जोडलेले आढळल्यास ते काढून टाकण्यास सांगण्याचा ग्राहकास अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली व मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. संतुष्ट होऊन स्वखुशीने बक्षिसी देणे ही अर्थात निराळी बाब.

वयस्करांच्या प्रकृतीचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आरक्षण रद्द केल्यास पैसे परत न करणारा स्वस्त दर आणि परत करणारा काहीसा महाग दर, यांपैकी दुसरा निवडणे शहाणपणाचे. त्यातील अधिकची रक्कम हा एक प्रकारचा विमाहप्ताच होय. यामुळे ऐनवेळी सर्दी-ताप आल्यास "पैसे बुडतील" या धास्तीने आई-वडील दुखणे लपवून प्रवासाला निघत नाहीत.

पैसे भरताना दक्षता

प्रसिद्ध निवासस्थानांच्या नावे बनावट संकेतस्थळे उभारून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार वाढले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू व पर्यटक यांना याविषयी सावध केले होते. खालील पथ्ये पाळावीत :

१. शोधयंत्रावरील जाहिरातीत दिसणाऱ्या क्रमांकावर विसंबू नये. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान असल्यास महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षण करावे.

२. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी खाते कोणाच्या नावे आहे ते पाहावे. ते निवासस्थानाच्या किंवा त्याच्या नोंदणीकृत चालकाच्या नावाशी जुळत नसल्यास थांबावे.

३. परतावा मिळविण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही. 'पैसे परत करतो, पिन टाका' असे सांगणारा इसम फसवणूक करीत आहे असे समजावे.

४. पूर्ण रक्कम आधी न भरता काही भागच भरावा व पावती जपून ठेवावी.

५. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी. सेवेतील त्रुटीबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दोघांचे दोन दिवस

सर्व व्यवस्था चोख असूनही एक गोष्ट राहून जाण्याचा संभव असतो. संपूर्ण कुटुंब एकत्र गेल्यावर तरुण मंडळी फिरावयास निघतात आणि नातवंडे सांभाळण्याचे काम आजी-आजोबांकडे येते. घरी वर्षभर चालणारा क्रमच मग तेथेही चालू राहतो. म्हणून आई-वडिलांसाठी स्वतंत्र खोली घ्यावी, नातवंडांची झोपण्याची व्यवस्था आपल्याकडे ठेवावी आणि दिवसाचा कार्यक्रम अर्धाच भरावा. सकाळी एखादे ठिकाण पाहावे व दुपारनंतरचा वेळ मोकळा सोडावा. ओसरीवर दोन खुर्च्या, समोर झाडी वा पाणी, हातात चहाचे पेले आणि कोणाचीही हाक नाही, असे दोन-तीन तास कित्येक जोडप्यांना संसाराच्या धबडग्यात वर्षानुवर्षे लाभलेले नसतात. खोली निवडताना तिच्यापुढे अशी ओसरी आहे का, हे म्हणूनच आवर्जून पाहावे. त्याकरिता दरवेळी अधिक दर द्यावा लागतोच असे नाही, आधी विचारावे मात्र लागते.

आरक्षणापूर्वी कागदावर पाच शब्द लिहावेत : पायऱ्या, स्नानगृह, जेवणाची वेळ, जवळचे रुग्णालय, परताव्याची अट. या पाचही बाबींचे समाधानकारक उत्तर दूरध्वनीवर मिळाले की मग निसर्गसौंदर्याचा विचार करावा. आपल्या आई-वडिलांची ही सहल सुखरूप व आनंददायी होवो, ही सदिच्छा.