मेलेली नदी जिवंत झाली

इंग्लंडची राजधानी लंडन ही टेम्स नदीच्या तीरावर वसलेली आहे. एके काळी या नदीचे पाणी इतके निर्मळ होते की, सॅमन नावाचे मासे समुद्रातून प्रवाहाविरुद्ध पोहत शहरातील पुलांखालून वर जात आणि कोळी त्यांना आपल्या जाळ्यांत पकडीत. सॅमन हा स्वच्छ पाण्याचा मासा. पाणी बिघडले की तो त्या वाटेला फिरकत नाही. १८३३ च्या सुमारास लंडनमध्ये शेवटचा सॅमन पकडला गेला. त्यानंतर सुमारे एकशेचाळीस वर्षे तो तेथे दिसला नाही. तो का निघून गेला आणि परत कसा आला, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

पूर्वी लंडनमध्ये घरोघरचा मैला खड्ड्यांत साठवीत. तो उपसून खतासाठी शेतांवर नेला जाई. परंतु शहराची वस्ती झपाट्याने वाढली. १८५१ साली ती तेवीस लाखांच्याही वर गेली. त्यातच पाण्याने धुऊन जाणारे शौचकूप घरोघरी आले आणि खड्डे भरभरून वाहू लागले. तेव्हा घरांची सांडपाणी गटारांना जोडण्यात आली. ही गटारे मुळात पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी होती व ती सर्व टेम्सला मिळत. घरे स्वच्छ झाली, पण नदी हेच शहराचे गटार बनले. सर्वांत दुर्दैवाची गोष्ट ही की, त्याच नदीचे पाणी अनेक लोक पीत असत.

याचे फळ लवकरच दिसू लागले. पटकीच्या साथी येऊ लागल्या. १८४८-४९ च्या एका साथीतच लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली. दुर्गंधीयुक्त हवेमुळे हा रोग होतो, असे त्या काळी बहुतेक वैद्यही मानीत. डॉक्टर जॉन स्नो यांना मात्र हे पटत नव्हते. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या परिसरात पटकीचा भयंकर उद्रेक झाला. अवघ्या दहा दिवसांत पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्नो घरोघर हिंडले आणि मेलेला प्रत्येक माणूस कोठले पाणी पीत होता, याची त्यांनी चौकशी केली. बहुतेकांनी रस्त्यावरच्या एकाच पंपाचे पाणी घेतले होते. जवळच गरिबांचे एक आश्रयगृह होते. तेथे ५३५ माणसे राहत. परंतु त्यांपैकी पाचच दगावली. त्या आश्रयगृहाची विहीर स्वतंत्र होती! स्नो यांच्या आग्रहावरून पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तरीही त्यांचे मत फार थोड्यांनी मानले.

पुढच्याच वर्षी थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे टेम्समधून बोटीने जात होते. त्यांनी पांढऱ्या कागदाचे तुकडे भिजवून पाण्यात टाकले. लख्ख ऊन पडलेले असूनही ते तुकडे इंचभर खाली जाण्यापूर्वीच दिसेनासे झाले. इतके ते पाणी गढूळ होते. फॅरडे यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून लोकांना सावध केले. तथापि राज्यकर्ते हलले नाहीत.

ते हलले १८५८ च्या उन्हाळ्यात. उष्म्याने नदीतली घाण कुजली आणि असह्य दुर्गंधी सुटली. इंग्लंडचे संसदभवन नदीकाठीच आहे. चुन्याच्या औषधी पाण्यात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावूनही सभासदांना तेथे बसवेना. जे काम हजारो गरिबांच्या मृत्यूंनी झाले नव्हते, ते संसदेत शिरलेल्या दुर्गंधीने केले. नदीच्या शुद्धीसाठी अवघ्या अठरा दिवसांत कायदा संमत झाला. डॉक्टर स्नो त्याच उन्हाळ्यात, जून महिन्यात, वारले. आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांना पाहावयास मिळाले नाही.

हे प्रचंड काम जोसेफ बॅझलजेट या स्थापत्यविशारदाकडे सोपविण्यात आले. नदीला मिळणारी गटारे अडवून त्यांतील पाणी शहराच्या पूर्वेस दूर नेणारी ८२ मैल लांबीची मोठी भुयारी गटारे त्यांनी बांधली. या कामाला कोट्यवधी विटा लागल्या. १८६६ साली पटकी पुन्हा आली, पण ती मुख्यत्वे पूर्व लंडनमध्ये. आणि तेथील गटारांचे काम तेव्हा अपुरेच होते. त्यानंतर लंडनमध्ये पटकीची मोठी साथ कधीच आली नाही.

लंडनकरांना हायसे वाटले. परंतु नदीची सुटका झाली होती काय? मुळीच नाही. सारी घाण बेक्टन व क्रॉसनेस या ठिकाणी नदीतच सोडली जात होती. घाण दूर लोटली गेली होती. ती नाहीशी झाली नव्हती. पुढे गाळ वेगळा काढण्याची व्यवस्था झाली. पण शहर वाढतच गेले आणि ती तोकडी पडू लागली. अखेर १९५७ साली शास्त्रज्ञांनी लंडनमधील टेम्स ही मृत नदी असल्याचे सांगितले.

वाहते पाणी मरते म्हणजे काय होते? पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. त्यावरच मासे जगतात. पाण्यात मैला पडला की त्यावर असंख्य सूक्ष्म जंतू तुटून पडतात. ते घाण खातात, पण खाताना प्राणवायूही वापरतात. घाण थोडी असेल तर वाहते पाणी हवेतून पुन्हा प्राणवायू घेते व नदी आपोआप शुद्ध होते. घाण अतोनात झाली की सारा प्राणवायू संपतो, मासे गुदमरून मरतात आणि नदी सडू लागते.

मग उपाय कोणता? जंतूंचे हे काम नदीत होण्याऐवजी नदीबाहेर, बांधलेल्या हौदांत करून घ्यावयाचे. सांडपाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या व काटक्या अडतात. नंतर वाळू व खडे खाली बसतात. मग मोठ्या हौदांत पाणी संथ ठेवतात, म्हणजे गाळ तळाशी जातो. त्यानंतरच्या हौदांत हवा सोडतात. तेथे भरपूर प्राणवायू मिळाल्याने जंतू जोमाने वाढतात आणि पाण्यात विरघळलेली घाण फस्त करतात. शेवटी हे जंतूही गाळरूपाने तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी नदीत सोडले जाते.

या युक्तीचे श्रेय एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट या मँचेस्टरच्या दोघा संशोधकांना आहे. त्यांनी १९१४ साली आपला प्रयोग जाहीर केला. सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्यास प्रथम कित्येक आठवडे लागले. परंतु खाली बसलेला गाळ त्यांनी फेकून दिला नाही. तो नव्या सांडपाण्यात मिसळला. त्या गाळात जंतूंचे सैन्यच होते. दर खेपेस काम लवकर होऊ लागले व शेवटी काही तासांवर आले. इतरांना जो निरुपयोगी चिखल वाटला, तोच खरा कामकरी ठरला!

१९६० नंतरच्या काळात बेक्टन व क्रॉसनेस येथील शुद्धिकेंद्रे नव्याने व मोठ्या प्रमाणावर उभारण्यात आली. कारखान्यांच्या सांडपाण्यावरही निर्बंध आले. हळूहळू टेम्सच्या पाण्यात प्राणवायू परतला. आणि १९७४ साली एका विद्युत्केंद्राच्या जाळीवर एक सॅमन सापडला. एवढ्याशा माशाची वार्ता सर्वत्र आनंदाने वाचली गेली. आज टेम्सच्या खाडीत शंभराहून अधिक जातींचे मासे आढळतात.

तरीही काम संपलेले नाही. मोठ्या पावसात जुनी गटारे भरून मैलापाणी नदीत जाई; म्हणून २५ किलोमीटर लांबीचा एक नवा भुयारी मार्ग बांधण्यात आला व २०२५ साली तो पूर्णपणे वापरात आला. नदीची राखण एका पिढीने करून भागत नाही.

माणूस आपल्या अंगणातून घाण ढकलतो आणि ती गेली असे समजतो. वस्तुतः ती कोणाच्या तरी दारी जातच असते. जे पाणी आपण वापरून सोडतो, ते शुद्ध करून सोडणे हे नदीवरचे उपकार नव्हेत. ते तिचे ऋण फेडणे होय.

स्वाध्याय
१. सॅमन मासा टेम्समधून का नाहीसा झाला?
२. आश्रयगृहातील माणसे पटकीतून का वाचली? त्यावरून डॉक्टर स्नो यांच्या मताला बळकटी कशी मिळाली?
३. ‘घाण दूर लोटली गेली होती; ती नाहीशी झाली नव्हती.’ हे विधान स्पष्ट करा.
४. सांडपाणी शुद्ध करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
५. तुमच्या घरातील सांडपाणी शेवटी कोठे जाते, याची वडील माणसांकडे चौकशी करून दहा ओळी लिहा.