सी.बी.आर.चा रकाना सोडा: पनवेलच्या पाण्याचे एक टायट्रेशन

बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये ब्युरेट रीडिंगच्या तक्त्यात शेवटी सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगचा रकाना असतो. दोन रीडिंग तंतोतंत जुळली की तो भरायचा. तिसरे वेगळे का आले, हे कुणी विचारत नाही. अॅनालिटिकल केमिस्ट्रीचा अभ्यास खरा सुरू होतो तो त्याच प्रश्नापासून. म्हणून पनवेलमध्ये हा विषय शिकणाऱ्याने एक तरी तपासणी नमुना आणण्यापासून अहवालापर्यंत स्वतः करावी. पाण्याची कठीणता त्यासाठी सोयीची आहे: रसायने महाग नाहीत, काचसामान प्रयोगशाळेत असतेच आणि नमुना घरच्या नळाला येतो.

नमुने तीन घ्या: नळाचे पाणी, सोसायटीच्या बोअरचे आणि गाढी नदीचे. नळाला गाढीवरच्या देहरंग धरणाचे पाणी येते की दुसऱ्या योजनेचे, हे आधी विचारून घ्या. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा. लेबलवर जागा, तारीख, वेळ लिहा. गाढीचा नमुना खाडीजवळ घेतलात तर भरती होती की ओहोटी, हेही लिहा. समुद्राच्या पाण्याची कठीणता लिटरला 6,000 मिलिग्रॅमच्या वर असते. भरतीचे पाणी मिसळलेला नमुना दहापट पातळ केल्याशिवाय ब्युरेटला आवरणार नाही.

आता ईडीटीए. हे टायट्रेशन झुरिचच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी 1940च्या दशकात रुळवले. डायसोडियम ईडीटीए 3.72 ग्रॅम घेऊन एक लिटर द्रावण करा. ते 0.01 मोलरच्या जवळपास असेल, नेमके किती हे ठरवावे लागते. 110 अंशांवर वाळवलेले कॅल्शियम कार्बोनेट सुमारे 0.25 ग्रॅम, चौथ्या दशांशापर्यंत तोलून, थोड्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. उकळून कार्बन डायऑक्साइड घालवा, गार करा आणि 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा. या द्रावणाने ईडीटीएची खरी मोलॅरिटी काढा. बाटलीवर कुणी आधी लिहून ठेवलेला आकडा वापरू नका. नुसत्या कॅल्शियमला एरिओक्रोम ब्लॅक टीचा एंड पॉइंट धूसर येतो. त्यासाठी बफरमध्ये मॅग्नेशियम-ईडीटीए किंचित घालून ठेवतात.

कोनिकल फ्लास्कमध्ये 50 मिलिलिटर नमुना पिपेटने घ्या. अमोनिया-अमोनियम क्लोराइडचा बफर घालून पीएच 10 करा आणि चिमूटभर इंडिकेटर टाका. रंग वाइन रेड होईल. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन उरका, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो. फ्लास्कखाली पांढरी टाइल हवीच. लाल आधी जांभळट होतो आणि बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. थांबू नका. जांभळ्यात लालसर झाक दिसते तोवर एकेक थेंब सोडा, फ्लास्क फिरवा, तीन-चार सेकंद थांबा. शेवटचा अर्धा थेंब ब्युरेटच्या टोकावरून धुऊन घ्या. झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला, तो एंड पॉइंट.

हेच सगळे डिस्टिल्ड वॉटरवर करा आणि ते ब्लँक रीडिंग प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. एका नमुन्याची किमान तीन, जमल्यास पाच टायट्रेशन घ्या. सगळी जशीच्या तशी पेनने लिहा.

ईडीटीए बरोबर 0.01 मोलर असेल तर प्रत्येक मिलिलिटरमागे कठीणता लिटरला 20 मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. समजा ब्लँक वजा जाता रीडिंग 8.5, 8.6, 8.7 आली. कठीणता 170, 172, 174. सरासरी 172, प्रमाण विचलन 2. तीन रीडिंगसाठी 95 टक्के विश्वासपातळीचा टी 4.303, म्हणून उत्तर 172 ± 5. विचलन तेवढेच ठेवून पाच रीडिंग घेतली, तर टी 2.776 होतो आणि फरक ± 2.5 वर येतो. जास्तीच्या दोन टायट्रेशननी अनिश्चितता निम्मी झाली. रीडिंग जुळवून 8.6, 8.6, 8.6 लिहिणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

पुढची पायरी अभ्यासक्रमात असो-नसो, करा. 50 मिलिलिटर नमुन्यात कॅल्शियमचे 0.01 मोलर द्रावण 5.00 मिलिलिटर घालून पुन्हा टायट्रेट करा. रीडिंग पाच मिलिलिटरनेच वाढायला हवे. 4.6 ने वाढले तर रिकव्हरी 92 टक्के. म्हणजे पिपेट, प्रमाण द्रावण किंवा एंड पॉइंट यांत कुठेतरी दोष आहे, तो शोधा. तळोजा एमआयडीसीत किंवा रसायनीकडे क्यूसीत लागलात तर तिथल्या एचपीएलसीवरही ब्लँक, रिकव्हरी आणि पुनरावृत्ती यांचाच हिशेब मागतात. यंत्र बदलते, हिशेब तोच.

मे महिन्यातली बोअर आणि ऑगस्टमधली बोअर यांची तुलना केलीत तर हाताशी छोटा प्रकल्पच तयार होईल.

आयएस 10500:2012 प्रमाणे कठीणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. अहवालात आकडा, त्याचा ± आणि ही मर्यादा शेजारी-शेजारी लिहा, सोसायटीलाही एक प्रत द्या. मात्र एवढ्यावरून पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला देऊ नका. तुम्ही फक्त कठीणता मोजली आहे, जंतू नाहीत.